लैंगिक संसर्गाची लक्षणे आणि तपासण्या : दुकानात गोळी मागण्याआधी काय पाहावे?

शहापूरचा_औषधविक्रेता (धागाकर्ता)

बेळगावच्या शहापूर भागात माझे औषधांचे दुकान आहे. लघवीला आग होते, जांघेत गाठ आली आहे, खाली फोड उठला आहे, असे सांगून "डॉक्टरांकडे जायला सवड नाही, तुम्हीच एखादी चांगली गोळी द्या" म्हणणारे पुरुष वरचेवर येतात. बायका स्वतः क्वचितच येतात. त्यांच्या वतीने नणंद, शेजारीण किंवा धाकटा मुलगा चिठ्ठी घेऊन येतो आणि तिच्यावर "अंगावरून पांढरे जाते" एवढेच लिहिलेले असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी प्रतिजैविक देत नाही, परंतु तीच व्यक्ती कुठेतरी दोन गोळ्या मिळवते आणि चार दिवस बरे वाटले की विषय मिटला असे समजते, हेही मला ठाऊक आहे.

आपल्या सीमाभागात या आजारांचे निदान लोक स्वतःच करतात. खाज म्हणजे उष्णता, पांढरे जाणे म्हणजे अशक्तपणा, लघवीची आग म्हणजे पाणी कमी पिणे, आणि फोड आपोआप बरा झाला म्हणजे काही नव्हतेच. यातले काही कधी कधी खरेही असते, म्हणूनच गोंधळ होतो. लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गाची स्त्री-पुरुषांतील लक्षणे कोणती, साध्या त्रासांपासून ती कशी वेगळी ओळखावीत, कोणत्या तपासण्या कराव्यात आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसाने कुठे जावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. अनुभव सांगणाऱ्यांनी आपली ओळख देऊ नये.

मलप्रभाकाठ

खानापूर तालुक्यात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे स्त्रियांच्या बाजूने मी सुरुवात करते.

पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात आणि संबंधाच्या वेळी पांढरा किंवा पारदर्शक, वास नसलेला आणि खाज न आणणारा स्राव होणे ही शरीराची नेहमीची रीत आहे. त्याने हाडे झिजत नाहीत आणि ताकदही जात नाही. या एका समजापायी कित्येक बायका वर्षानुवर्षे टॉनिकच्या बाटल्या रिचवतात. काळजी करायची ती रंग, वास किंवा प्रमाण बदलल्यावर. स्राव घट्ट, दह्याच्या कवड्यांसारखा असेल आणि खाजेने झोप लागत नसेल, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि तो लैंगिक संसर्गांत मोजत नाहीत. मधुमेह, गरोदरपण आणि नुकतीच घेतलेली प्रतिजैविके ही त्याची नेहमीची कारणे. पातळ राखाडी स्राव आणि संबंधानंतर वाढणारा माशासारखा वास हे योनीतल्या जिवाणूंचे संतुलन बिघडल्याचे लक्षण असते. पिवळसर-हिरवट, फेसाळ, दुर्गंधीयुक्त स्राव मात्र ट्रायकोमोनास या परजीवीमुळे येतो. तो संबंधातूनच पसरतो आणि नवऱ्याला बहुधा काहीच त्रास होत नाही.

सर्वांत फसवे असतात ते गर्भाशयमुखाचे संसर्ग, म्हणजे गोनोरिया आणि क्लॅमिडिया. स्राव थोडा असतो किंवा नसतोच. संबंधानंतर रक्त लागणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणे, ओटीपोटात बारीक दुखत राहणे, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणे अशा तक्रारी असतात, आणि त्या सांगताना बायका "कंबर दुखते" यापलीकडे जात नाहीत. ऐकणाऱ्यानेच पुढचे विचारावे लागते.

कागवाडचा_वाचक

विषयाचे गांभीर्य मला मान्य आहे. तरीही असल्या गोष्टी सर्वांसमोर इतक्या उघडपणे लिहाव्यात का, असा प्रश्न मनात येतो. हे मंच आमच्या घरातल्या मुली आणि सुनाही वाचतात. नीतीने राहणाऱ्या माणसाला या आजारांची भीती बाळगण्याचे कारण नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

निपाणीची_कार्यकर्ती

काका, आपल्या वयाचा मान राखून लिहिते. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांमध्ये माझे काम आहे. लग्नाबाहेर कधीही पाऊल न टाकलेल्या, दिवसभर मांडीवर सूप घेऊन पाने वळणाऱ्या बायकांना हे संसर्ग झालेले मी पाहिले आहेत, कारण ते त्यांच्याकडे नवऱ्याकडून आले. त्यांच्या नीतीत काही उणे नव्हते. त्यांना माहिती मिळाली नव्हती, एवढीच त्यांची बाजू पडती होती. आपल्या घरातल्या मुली आणि सुना हे वाचत असतील तर मला त्याचे समाधान वाटते.

त्वचारोगतज्ज्ञ_चिकोडी

मी त्वचा व गुप्तरोगांचा डॉक्टर आहे. मलप्रभाकाठ यांनी स्त्रियांविषयी नेमके लिहिले आहे, म्हणून मी पुरुषांपासून सुरुवात करतो. औषधांचे डोस मी मुद्दाम लिहिणार नाही, कारण ते वाचून लोक पुन्हा दुकानाकडेच वळतात.

पुरुषाची ठळक तक्रार म्हणजे मूत्रमार्गातून पू येणे आणि लघवीला आग होणे. संबंधानंतर दोन ते सात दिवसांत दाट, पिवळा पू येऊन कपड्यांना डाग पडू लागले, तर गोनोरियाचा संशय घ्यावा, ज्याला आपल्याकडे जुनी माणसे परमा म्हणतात. एक ते तीन आठवड्यांनी पातळ स्राव, बहुधा सकाळच्या पहिल्या लघवीआधी दिसणारा एखादा थेंब, हे क्लॅमिडियाचे रूप असते. मात्र नुसते पाहून या दोहोंचा निवाडा करता येत नाही आणि अनेकदा दोन्ही एकत्र असतात. तरुण पुरुषाला साधा मूत्रसंसर्ग फारसा होत नाही. त्यामुळे पंचविशीतल्या मुलाची लघवीची आग पाणी कमी प्यायल्यामुळे आहे असे गृहीत धरू नये. स्त्रियांत उलट आहे. त्यांना साधा मूत्रसंसर्ग वारंवार होतो आणि त्याच नावाखाली क्लॅमिडिया झाकला जातो.

दुसरा गट जखमांचा. सिफिलिसची, म्हणजे गरमीची, पहिली जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठते. ही मुदत ९ दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत असू शकते. जखम बहुधा एकच, कडक बुडाची आणि न दुखणारी असते, आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवाय भरून येते. इथेच माणूस निर्धास्त होतो. स्त्रीमध्ये ती योनीत आत किंवा गर्भाशयमुखावर असल्यास तिला कधी दिसतच नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर, खाज नसलेले तांबूस डाग उमटतात, तोंडात चट्टे येतात, केस ठिकठिकाणी विरळ होतात. ॲलर्जीच्या गोळ्या घेऊन आलेले असे रुग्ण मी पाहतो. तळव्यांवर डाग असतील आणि खाज नसेल, तर रक्त तपासल्याशिवाय मी रुग्णाला सोडत नाही. तेही डाग आपोआप जातात आणि आजार आत शांत बसतो. पुढे कित्येक वर्षांनी तो हृदयाला, मेंदूला किंवा डोळ्यांना गाठू शकतो.

नागिणीसारखे दिसणारे, बारीक पाणीदार फोडांचे दुखरे पुंजके हे जननेंद्रियाच्या हर्पीसचे असतात. ते फुटतात, वाळतात आणि ताप, ताण किंवा पाळीच्या सुमारास पुन्हा उठू शकतात. औषधाने त्रास आटोक्यात राहतो, विषाणू मात्र शरीरात टिकून राहतो. जांघेत दुखरी गाठ, म्हणजे बद, आली असेल तर जखम कुठे आहे का हे पाहावे लागते. कोंबासारख्या वाढणाऱ्या चामखिळी मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या असतात. बहुतेक चामखिळी प्रकार ६ आणि ११ मुळे होतात, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार कारणीभूत असतात. म्हणून चामखीळ दिसताच कर्करोगाची धास्ती घेऊ नये, आणि ती नाही म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी टाळूही नये.

हे सर्व वाचून "मला यातले काही नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्य : क्लॅमिडिया झालेल्या दहांपैकी सात-आठ स्त्रियांना आणि जवळपास निम्म्या पुरुषांना कोणतेही लक्षण जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांच्या ३७.४ कोटी नव्या लागणी झाल्या. त्यांतले कितीतरी लोक स्वतःला निरोगीच समजत असतील.

गोकाकचा_विद्यार्थी

डॉक्टर, एक प्रश्न विचारतो. शिश्नाच्या टोकाच्या कडेने एका ओळीत बारीक पांढरट पुरळ आहेत. ते दुखत नाहीत आणि वाढतही नाहीत. इंटरनेटवर चित्रे पाहिल्यापासून मला झोप नाही. माझा कोणाशीही संबंध आलेला नाही.

त्वचारोगतज्ज्ञ_चिकोडी

बाळा, तू केलेल्या वर्णनावरून ते नैसर्गिक उंचवटे वाटतात. अनेक तरुणांत ते असतात, ते संसर्गाचे नाहीत आणि त्यांना औषध लागत नाही. त्वचेखाली दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी, त्याही निरुपद्रवी. खात्रीसाठी एकदा दाखवून घे. दोन मिनिटांचे काम आहे आणि कोणीही तुला नावे ठेवणार नाही. त्यावर मलम लावू नकोस आणि ते जाळून घेण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नकोस.

हुक्केरीचे_आजोबा

माझे वय झाले आहे. गेल्या वर्षी शिश्नाची त्वचा लाल होऊन चिरा पडल्या आणि खाज सुटली. लाजेने कित्येक दिवस कोणाला सांगितले नाही. शेवटी डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, ती बरीच वाढलेली निघाली. साखर ताब्यात आल्यावर आणि मलम लावल्यावर त्रास गेला. समवयस्कांनी हे ध्यानात ठेवावे म्हणून लिहिले.

तायी_कार्डवाली

माझे माहेर चंदगडकडचे आणि सासर बेळगाव तालुक्यातले आहे. पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा आरोग्य केंद्रात नोंदणी होऊन तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचे कार्ड, मिळाले आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या. त्यांत व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली. मला कसलाही त्रास नव्हता. जखम नाही, डाग नाही, ताप नाही. घरात पहिला प्रश्न माझ्या माहेरावर आला. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या आणि माझे ताट वेगळे वाढले जाऊ लागले.

तिथल्या समुपदेशक बाईंनी यजमानांना बोलावून घेतले. त्यांचेही रक्त तपासले, तेही पॉझिटिव्ह निघाले. दोघांचीही टीपीएचए ही दुसरी चाचणी झाली आणि निदान पक्के झाले. लग्नाआधी गोव्यात कामाला असताना न दुखणारा एक फोड येऊन गेल्याचे त्यांनी तेव्हा प्रथमच सांगितले. मला आठवड्याच्या अंतराने पेनिसिलिनची तीन इंजेक्शने दिली, त्यांनाही दिली. पहिल्या इंजेक्शनच्या रात्री मला थंडी वाजून ताप आला, पण तसे होऊ शकते हे आधीच सांगून ठेवलेले असल्याने घाबरले नाही. प्रसूतीनंतर बाळाचे रक्तही तपासले. मुलगी आता शाळेत जाते आणि खणखणीत आहे.

ती तपासणी झाली नसती तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी मला सांगितले होते. गर्भपात, मृत बाळ किंवा जन्मतःच आजारी बाळ. गरोदर बाईचे रक्त तपासायला कोणी आडकाठी करत असेल, तर त्याला माझे हे लिहिणे वाचून दाखवा.

मलप्रभाकाठ

ताई, तुम्ही हे लिहिलेत, तुमचे फार आभार. अहवालावरून संसर्ग आधी कोणाला झाला हे कळत नाही, ही गोष्ट प्रत्येक सासरी पोहोचली पाहिजे. बाईची तपासणी गरोदरपणात होते म्हणून तिचा अहवाल आधी येतो. आधी अहवाल आला म्हणून आधी दोष तिचा, असे होत नाही. आणि या आजारांत ताट-वाटी वेगळी करण्याचे काहीच कारण नाही, ते जेवणातून पसरत नाहीत.

प्रयोगशाळा_उद्यमबाग

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. चाचण्यांची नावे वारंवार येत आहेत, म्हणून त्या प्रत्यक्षात कशा होतात ते सांगतो. कार्डावरची आरपीआर ही व्हीडीआरएलचीच बहीण. पांढऱ्या कार्डावरच्या वर्तुळात रक्तद्रवाचा एक थेंब पसरायचा, त्यात कोळशाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले द्रावण टाकायचे आणि कार्ड आठ मिनिटे फिरत्या यंत्रावर ठेवायचे. संसर्गाच्या खुणा नसतील तर थेंब एकसारखा राखाडी राहतो. असतील तर काळे कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. मग रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत कुठपर्यंत गुठळ्या होतात ते पाहायचे. अहवालात १:८ किंवा १:३२ असे जे लिहिलेले असते ते हेच. उपचारानंतर हा आकडा चौपट उतरला, म्हणजे १:३२ चा १:८ झाला, की औषध लागू पडल्याचे समजतात. म्हणून पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच पद्धतीने कराव्यात.

दोन इशारे देतो. ही चाचणी सिफिलिसच्या जंतूला थेट ओळखत नाही. गरोदरपण, हिवताप, कुष्ठरोग, क्षयरोग आणि संधिवातासारख्या काही आजारांतही ती कमी पातळीवर पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए करून खात्री करावी लागते. टीपीएचए मात्र एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुधा जन्मभर तशीच राहते. ती पाहून "आजार गेलाच नाही" असे मानू नये. दुसरा इशारा असा की जखम नुकतीच उठलेली असताना व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते. संशय असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. क्वचित प्रसंगी रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेले घटक, इतकी जास्त असतात की न पातळ केलेल्या नमुन्यात चाचणी चुकते. म्हणून अंगावर डाग असल्यास डॉक्टरांनी तसे कागदावर लिहून पाठवले, तर आम्ही नमुना पातळ करून पाहतो.

मूत्रमार्गाच्या पुवाची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर पुरुषांमध्ये गोनोरिया बहुतांश वेळा सापडतो. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या नमुन्यात तीच पद्धत निम्म्या वेळाच साथ देते. क्लॅमिडियासाठी जंतूची जनुके शोधणारी चाचणी सर्वांत भरवशाची असते. पुरुषाने त्यासाठी किमान तासभर लघवी न करता मग पहिल्या धारेची लघवी द्यावी. साध्या मूत्रसंसर्गासाठी मधल्या धारेची देतात, इथे बरोबर उलट आहे. पुष्कळ लोक इथेच चुकीचा नमुना आणतात आणि निगेटिव्ह अहवाल घेऊन निश्चिंत होतात. ट्रायकोमोनाससाठी योनिस्रावाचा ओला नमुना घेतल्यावर लगेच पाहावा लागतो. तो थंड झाला की परजीवीची थरथर थांबते, आणि मग तो पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही.

महामार्ग_संकेश्वर

मी मालवाहू गाडीवर चालक आहे, पुणे-बंगळूर रस्ता हाच माझा संसार. काही वर्षांपूर्वी लघवीतून पू येऊ लागला तेव्हा बसस्थानकाजवळच्या भिंतीवरचा "गुप्तरोग खात्रीने बरा" हा फलक वाचून एका दवाखान्यात गेलो. तिथे ना रक्त तपासले ना लघवी. इंजेक्शने टोचली, पुड्या दिल्या आणि मोठी रक्कम घेतली. पू थांबला, पण पुढे लघवीची धार बारीक होत गेली. अखेर मूत्रविकारतज्ज्ञांनी मूत्रमार्ग अरुंद झाल्याचे सांगितले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्या दवाखान्यात पत्नीबद्दल एका शब्दाने विचारले नव्हते, तिची तपासणी या मूत्रविकारतज्ज्ञांनीच प्रथम सुचवली. माझ्या चालकबांधवांना सांगतो, ज्या ठिकाणी नमुना घेत नाहीत आणि जोडीदाराबद्दल विचारत नाहीत, त्या ठिकाणी पैसे मोजू नका.

प्रयोगशाळा_उद्यमबाग

महामार्ग_संकेश्वर यांच्या अनुभवावरून एक शंका मांडतो. सरकारी रुग्णालयांतही पुष्कळदा तपासणीची वाट न पाहता लक्षणांवरून रंगीत पाकिटातली औषधे देतात. मूत्रमार्गाच्या पुवासाठी राखाडी, योनिस्रावासाठी हिरवे, असे ठरलेले आहे. तपासणीविना औषध ही पद्धत माझ्यासारख्याला पटत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ_चिकोडी

आपली शंका रास्त आहे, पण भिंतीवरच्या फलकाची आणि या पद्धतीची गल्लत करू नये. रामदुर्ग किंवा अथणी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून आलेला मजूर अहवालासाठी पुन्हा येईलच याची खात्री नसते. तो पहिल्याच भेटीत औषध घेऊन गेला नाही, तर आजार तसाच घरी जातो. म्हणून त्या लक्षणाच्या प्रमुख कारणांवर एकदम उपचार करायचे, जोडीदारालाही द्यायचे, एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त मात्र घ्यायचेच, अशी ही रचना आहे. पुरुषाच्या पुवासाठी आणि जखमांसाठी ती चांगली चालते.

तिची खरी उणीव स्त्रियांच्या बाबतीत आहे आणि ती मी मोकळेपणाने मान्य करतो. योनिस्राव या एका तक्रारीवरून गर्भाशयमुखाचा संसर्ग ओळखणे फार अवघड असते. परिणामी एकीकडे गरज नसलेल्या बाईला प्रतिजैविके मिळतात आणि तिच्या नवऱ्याला विनाकारण चौकशीला तोंड द्यावे लागते. दुसरीकडे, स्राव नाही म्हणून क्लॅमिडिया असलेली बाई निसटते आणि काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवते, किंवा गर्भ नळीत राहून तिच्या जिवावर बेतते. म्हणून स्त्रीची तपासणी आरसा घालून, म्हणजे गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहून, झालीच पाहिजे आणि जिथे शक्य आहे तिथे नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. गोनोरियाच्या जंतूने सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या जुन्या औषधांना दाद देणे केव्हाच सोडले आहे. त्यामुळे दुकानातून घेतलेली ती गोळी आग थोडी कमी करते आणि जंतू आत ठेवते.

निपाणीची_कार्यकर्ती

आरसा घालून तपासणी व्हावी हे अगदी खरे, पण बाई त्या टेबलापर्यंत पोहोचते कशी, हेही पाहावे. आपल्या सीमाभागात बाई घरात मराठी बोलते आणि समोरचे डॉक्टर अनेकदा कन्नड बोलणारे असतात. मग कन्नड शाळेत शिकणारा तिचा मुलगा किंवा पुतण्या दुभाष्या म्हणून सोबत जातो. चौदा वर्षांच्या मुलासमोर कोणती आई सांगेल की संबंधाच्या वेळी दुखते आणि रक्त जाते? ती कंबर दुखते म्हणते, मुलगा तेच कन्नडमध्ये सांगतो आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन दोघे परततात. हे मी तपासणी खोलीच्या दारात उभी राहून ऐकलेले आहे.

यावर आम्ही केलेला उपाय साधा आहे. आमच्या गटातल्या दोन्ही भाषा येणाऱ्या बायका आळीपाळीने सोबत जातात. जिला सोबत नको असेल तिच्यासाठी तक्रार दोन्ही भाषांत आधीच कागदावर लिहून देतो : कधीपासून आहे, स्रावाचा रंग कोणता, वास, खाज, दुखणे, रक्त, शेवटची पाळी कधी आली, नवऱ्याला त्रास आहे का. बाई तो कागद नुसता पुढे करते. आशाताईंनाही हे काम जमते, फक्त ती आशा त्याच गल्लीतली असेल तर बायका कचरतात, याचा विचार करावा.

बैलहोंगलची_वाचक

एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करतात का? आणि अहवाल घरच्यांना कळवतात का? या भीतीने माझी एक मैत्रीण जायला तयार नाही.

मलप्रभाकाठ

नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, ही तपासणी मोफत होते आणि आधी व नंतर समुपदेशकाशी एकांतात बोलता येते. १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून जवळचे केंद्र विचारता येते. बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, जाता येईल. गावात ओळखीचे भेटतील अशी धास्ती असेल तर निपाणीच्या बाईने कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावे, यात काही वावगे नाही.

काळाचेही भान ठेवावे. रक्त शिरेतून घेऊन केलेली प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी, म्हणजे विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी चाचणी, संसर्गानंतर १८ ते ४५ दिवसांत तो ओळखते, नुसत्या प्रतिपिंडांच्या चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन आलेला निगेटिव्ह अहवाल उपयोगाचा नाही. मात्र धोका नुकताच घडला असेल तर धावत जायलाच हवे, कारण एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

कागवाडचा_वाचक

सर्वांचे लेखन नीट वाचले. तायी कार्डाविषयी लिहिणाऱ्या मुलीचे लिहिणे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. एक विचारतो : बाईला संसर्ग निघाला आणि नवऱ्याला सांगितले तर तो मारहाण करेल अशी स्थिती असेल, तेव्हा तिने काय करावे?

मलप्रभाकाठ

काका, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला मनापासून आनंद वाटतो. अशा वेळी तिने घरी एकटीने विषय काढू नये. समुपदेशकांना ती भीती आधी सांगावी. ते नवऱ्याला अन्य निमित्ताने बोलावून, दोघांची तपासणी नेहमीचीच आहे असे सांगून बोलतात. गरोदरपणात हे सोपे जाते, कारण पतीचीही तपासणी करण्याची प्रथा आता रुळते आहे. जोडीदारावर उपचार झाल्याखेरीज तिच्या औषधाला अर्थ नाही, संसर्ग पुन्हा तिच्याकडेच येतो. दोघांचे औषध पूर्ण होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध टाळावेत आणि पुढे निरोध वापरावा.

त्वचारोगतज्ज्ञ_चिकोडी

एक राहिलेला मुद्दा. संबंध तोंडावाटे किंवा गुदमार्गे आले असतील, तर संसर्ग घशात किंवा गुदद्वारात असू शकतो आणि लघवीची तपासणी स्वच्छ येऊ शकते. पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावरून नमुना कुठून घ्यायचा ते ठरते, याखेरीज त्या माहितीचा आम्हाला दुसरा काही उपयोग करायचा नसतो.

शहापूरचा_औषधविक्रेता (धागाकर्ता)

सर्वांचा ऋणी आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला मी प्रतिजैविक देणार नाही, हे ठरलेलेच आहे. पण कोणाला "उद्या सवडीने जा" म्हणावे आणि कोणाला "आत्ताच जा" म्हणावे, हे मला डॉक्टरांकडून हवे आहे. ते मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून काउंटरवर ठेवीन.

त्वचारोगतज्ज्ञ_चिकोडी

आत्ताच पाठवायचे ते असे. ओटीपोटात तीव्र दुखणे आणि ताप असलेली स्त्री, आणि पाळी चुकून एका बाजूला दुखत असेल तर क्षणाचाही विलंब नको. कोणतीही तक्रार असलेली गरोदर स्त्री. वृषणात एकाएकी दुखू लागलेला मुलगा किंवा तरुण, कारण ते संसर्गाचे नसून पीळ पडल्याचे असू शकते आणि काही तासांतच शस्त्रक्रिया लागते. नवजात बाळाचे डोळे लाल होऊन पू येत असेल तर ते बाळ आणि त्याचे आईवडील, तिघेही. आणि ७२ तासांच्या आत धोका घडलेली व्यक्ती, बलात्काराला बळी पडलेली स्त्री किंवा मूल तर सर्वांत आधी. जखम, पू, बद, तळव्यांवरचे डाग यांसाठी एक-दोन दिवसांत गेले तरी चालेल, फक्त मध्ये कोणतीही गोळी किंवा मलम घेऊन जाऊ नये, नाहीतर तपासणीत जंतू सापडत नाही.

कागदाच्या शेवटी "जोडीदारालाही सोबत न्या" हे ठळक अक्षरांत छापा.

महामार्ग_संकेश्वर

त्या कागदाच्या प्रती मला द्याल का? आमच्या गाडीतळावर आणि ढाब्यांवर लावीन. १०९७ हा क्रमांक सर्वांत वर मोठा छापा, कारण रस्त्यावरच्या माणसाला गाव कोणते येईल हे ठाऊक नसते.

बैलहोंगलची_वाचक

मैत्रीण परवा जायला तयार झाली आहे. अहवाल आणायला तिच्या दिराला पाठवले तर चालेल का?

प्रयोगशाळा_उद्यमबाग

नमुना देतानाच "अहवाल फक्त माझ्याच हाती द्यावा" असे सांगून ठेवावे आणि पावती स्वतःजवळ ठेवावी. एचआयव्हीचा अहवाल आयसीटीसीत समुपदेशक तिलाच देतात, दिराला देणार नाहीत. बाकीचे अहवालही तिनेच न्यावेत. कागद पाहून घाबरण्याआधी त्यावरचा आकडा डॉक्टरांकडून समजून घ्यावा.